चादरीखालचे पाय

म्हात्रे सिस्टर पेशंटला नावाने हाक मारत नसत, बेडच्या नंबरानेही नाही. त्या स्टेशनच्या नावाने हाक मारत. "ए विठ्ठलवाडी, लघवीला जाऊन आलीस का?" "टिटवाळा, कूस बदल, पाठ सडेल." एकाच स्टेशनची दोन माणसं आली तर एक पूर्व व्हायचा आणि दुसरा पश्चिम, मग तो खरा कुठेही राहत असो. एका आजोबांनी तक्रार केलेली, "सिस्टर, मी पश्चिमेचा नाही हो, पूर्वेला फ्लॅट आहे माझा." सिस्टर म्हणाल्या, "पूर्वेचा बेड भरलाय. डिस्चार्ज मिळेपर्यंत पश्चिमेला राहा."

आख्खा वॉर्ड हसला. टाके घातलेली माणसंसुद्धा पोट धरून हसली.

हे रुग्णालय सरकारी आहे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. सर्जरीचा एकच लांब वॉर्ड, मधे लाकडी पार्टिशन, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. सिस्टर तिथल्या इन्चार्ज. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, गळ्यात जाड मंगळसूत्र, आणि चालताना चपलांचा असा आवाज की पेशंट आधीच सरळ झोपायचे.

मी तिथे पत्रकं घेऊन गेलेले. आमच्या रुग्णहक्कांच्या गटाचं काम साधं होतं: पत्रक छापायचं, गेटवर उभं राहून वाटायचं आणि वॉचमनच्या शिव्या खायच्या. त्या वेळच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं, 'वेदना सहन करणं हे तुमचं कर्तव्य नाही. वेदना कमी होणं हा तुमचा हक्क आहे.' खाली ओळीत सहा गोल चेहरे. पहिला हसरा, मग हळूहळू पडत जाणारे, शेवटचा ढसाढसा रडणारा.

ड्युटी संपवून सिस्टर बाहेर आल्या. हातात डब्याची पिशवी. पत्रक घेतलं आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. तोवर त्या गेटवर एवढं कोणीच वाचलं नव्हतं.

"ही तोंडं कोणी काढली?"

"सगळीकडे वापरतात, सिस्टर. पेशंटने बोट ठेवायचं, किती दुखतंय ते. तो सांगेल तेवढं दुखतंय, असं आपण मानायचं."

"यात आमच्या गावचं एकपण तोंड नाय," त्या म्हणाल्या. पत्रकाची घडी घालून डब्याखाली सरकवली. "कागद बाकी जाड आहे. सुकटीचं तेल झिरपतं पिशवीत."

मी भडकले. "सिस्टर, हे चेष्टेवारी नेऊ नका. तुमच्या वॉर्डात माणसं कण्हत पडलेली असतात."

"मग गेटवर बसून काय शिव्या घालतेस, पत्रकवाली? आत ये आणि घाल. बघ तरी कोणाला घालतेस."

तिथून मी भेटीच्या वेळेत वॉर्डात जायला लागले. नाव त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी पत्रकवालीच राहिले.

सिस्टर मूळच्या कळव्याकडच्या खाडीकाठच्या गावातल्या. आजोबा भातशेतीवाले, वडील मिठागरावर. आता त्या जमिनीवर टॉवर उभे आहेत, भावांच्या दारात मोठ्या गाड्या आहेत, आणि भाऊ दर रक्षाबंधनाला म्हणायचे, "ताई, सोड आता ती नोकरी, लोकांच्या लघव्या काय उपसतेस." ताई शेअर रिक्षाने ड्युटीला यायच्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. स्टाफ रूममध्ये कोणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "दिवसभर फिनेल हुंगता, तेव्हा कुठे जातं नाक?"

वडिलांबद्दल त्या एकच गोष्ट सांगायच्या. मिठागरात पायाला चीर पडली तरी खारट पाण्यातच उभं राहायचं, दुसरं पाणीच नव्हतं. "मिठाचं पाणी जखमेत गेलं की काय होतं, माहितेय तुला? माझ्या बापाचं तोंड हलायचं नाय. लांबून कोणाला वाटेल, वारा खातोय. पण मी बांधावर बसून पाय बघायची. अंगठा चिखलात असा रुतवायचा, असा."

तीच त्यांची विद्या. नवीन मुलींना त्या पहिल्याच दिवशी शिकवायच्या, "तोंडाकडे बघू नका. तोंड नाटक करतं. चादर उचला आणि पाय बघा. दुखत असेल तर बोटं आवळलेली असतात. बोटं मोकळी, तर माणूस मोकळा." शिल्पा नावाची एक सडपातळ मुलगी तेव्हा नुकतीच स्टाफ नर्स म्हणून लागलेली. ती चादर उचलून पाय बघायला लागली की नातेवाइकांना वाटायचं, ही चपला शोधतेय.

मला ही विद्या मान्य नव्हती. आजही नाही. माणसाला दुखतंय की नाही हे त्याला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवायचं, ही कुठली रीत?

पण आत गेल्यावर एक गोष्ट कळली, जी गेटवरून दिसत नव्हती. डॉक्टर राउंडला येऊन केसपेपरवर इंजेक्शन लिहायचे आणि पुढे लिहायचे, 'लागलं तर'. आणि निघून जायचे. लागलं की नाही हे कोणी ठरवायचं? सिस्टरने. दोन बाजू भरलेल्या, जमिनीवरही गाद्या, हाताशी दोन मुली. मॉर्फिन कुलपात. दिलं आणि पेशंट दगावला तर प्रश्न सिस्टरला. नाही दिलं आणि पेशंट रात्रभर तळमळला, तर कोणालाच प्रश्न नाही. म्हणजे न देणं सगळ्यात सुरक्षित. ही व्यवस्था कोणी बांधली? म्हात्रे सिस्टरने नाही बांधली.

हे मी एकदा बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्यावर झालेली चौकशी. नवीन होते. कॅन्सरचा पेशंट, आज ना उद्या जाणारच होता. पण शेवटची सुई माझ्या हातची. डॉक्टर म्हणाले, मी तर 'लागलं तर' लिहिलेलं. निर्दोष सुटले मी. पण त्यानंतर कुलपाला हात लावताना हात जड होतो, पोरी. सवय लागेल, श्वास थांबेल, असं आम्ही एकमेकींना सांगतो. ते पेशंटसाठी थोडंच असतं."

शिल्पा मागे उभी होती. तिने मान खाली घातली.

आता विठ्ठलवाडीची गोष्ट. ही पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली एक तरुण सून. उशाशी सासू. सून एक शब्द बोलत नव्हती. शिल्पाने माझं पत्रक पुढे धरून विचारलं, यातलं कुठलं तोंड? सुनेने सासूकडे बघितलं आणि हसऱ्यावर बोट ठेवलं.

सिस्टर आल्या, चादर उचलली. बोटं मुठीसारखी.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"का बरं? मी आईसारखी आहे तिची. आणि एवढं काय झालंय? आमच्या वेळी तिसऱ्या दिवशी आम्ही पाणी भरायचो."

"भरलंत ना? झालं तर मग. आता बाकड्यावर बसून आराम करा, तेव्हाचा राहिलेला."

सासू पार्टिशनपलीकडे गेल्याबरोबर ती मुलगी अशी रडली की टाके तुटतील म्हणून सिस्टरने तिचं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. इंजेक्शन दिलं. मग तिच्या कानाशी म्हणाल्या, "मीपण नाय ओरडले बाळंतपणात. शेजारणीला कळलं नाय पोर झालं ते. सगळ्यांनी वाखाणलं. कोणी मेडल नाय दिलं. तू ओरड."

हे मी ऐकलं. आणि याच बाईने आंबिवलीला पाणी दिलं.

आंबिवली म्हणजे शांतारामकाका, कारखान्यातून निवृत्त झालेले, पाठीच्या दुखण्याने आलेले. तपासण्या चालू होत्या, म्हणजे तारखा चालू होत्या. काकू पायाशी बसून असायच्या. काका ओरडायचे. सभ्य माणूस, आधी माफी मागायचे, "सिस्टर, त्रास देतोय," आणि मग ओरडायचे. सिस्टर येऊन चादर उचलायच्या. पाय शांत. बोटं सैल, लहान मुलाची झोपेत असतात तशी.

"आंबिवली, नाटक बंद कर. इतकं दुखतं तर पाय असे असते?"

अशा पेशंटला या वॉर्डात, आणि खात्रीने सांगते, फक्त याच वॉर्डात नाही, एक इंजेक्शन देतात. त्यात औषध नसतं. डिस्टिल्ड वॉटर. सुई खरी, कापूस खरा, पाणी. माणूस शांत झाला तर सिद्ध झालं, दुखणं खोटं होतं. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण एक सिस्टर दुसरीला शिकवते, दुसरी तिसरीला. या परीक्षेत पेशंट पास होऊच शकत नाही. ओरडला तर नाटकी, गप्प बसला तर खोटारडा.

काका त्या दिवशी सुईकडे बघून म्हणाले, "सिस्टर, पाणी तर नाही ना?" त्यांना शेजारच्या बेडवरून कळलेलं असणार.

"विश्वास नाही काय माझ्यावर?"

"आहे हो. आहे म्हणून विचारलं."

पाणी गेलं. काका गप्प झाले. सिस्टर शिल्पाला म्हणाल्या, "बघितलंस?" मी काकूंशी बोलत बसले होते, मला दिसत होतं ते का गप्प झाले. ज्याच्याकडे मागायचं त्यानेच नाही म्हटल्यावर माणूस आणखी कोणाकडे ओरडणार? मी उठून सिस्टरशी भांडले. वॉर्डात, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, "पत्रक वाटून नर्स होता येत नाय." ते खरंच आहे. पण बरोबर मीच होते.

नंतर एका सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी खिशातून किल्ली काढून काकांच्या तळपायावरून खसकन ओढली. पाय हललाच नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. "हे कधीपासून?" काकू म्हणाल्या, "तेल लावते तर म्हणतात, तुझा हात लागलेला कळतच नाही. मला वाटलं, अशक्तपणा." पाठीच्या कण्यात गाठ होती. तिने कमरेखालचं सगळं बंद करून टाकलेलं. पाय शांत होते कारण पायांना काही कळत नव्हतं. वरती, पाठीत, ती गाठ माणसाला चिरडत होती.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "सिस्टर, पाय हलत नव्हते तर लक्षात यायला हवं होतं." लक्षात त्यांच्याही आलं नव्हतं. पण ते पुढच्या बेडकडे गेले.

सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काही नाही. मग त्यांनी शिल्पाला कुलूप उघडायला लावलं आणि स्वतःच्या हाताने मॉर्फिन दिलं. काकांच्या शेवटच्या दिवसांत ते दर वेळी वेळेवर मिळालं, 'लागलं तर' खोडून घेतलं त्यांनी डॉक्टरांकडून, भांडून. काका कमी बोलत. सिस्टर सुई घेऊन आल्या की ते डोळे मिटून घेत. त्यांनी परत कधी विचारलं नाही की पाणी आहे का. मला वाटतं, सिस्टरना ते विचारलेलं हवं होतं.

काका गेल्यावर त्यांनी सगळ्या मुलींना एकत्र बोलावलं. "आजपासून या वॉर्डात पाणी बंद. कोणी दिलं तर मी स्वतः मेमो देईन." बस. भाषण नाही.

आणि मग त्या स्वतःहून गेटवर आल्या, माझ्यासमोर.

"पत्रकवाली, तुझ्या त्या तोंडांत एक तोंड वाढव."

"कुठलं?"

"काहीच न दाखवणारं. डोळे, नाक, तोंड सरळ रेषेत. त्याच्या खाली लिही, याला सगळ्यात जास्त दुखतंय, याला दोनदा विचारा."

आमच्या बैठकीत मी ते मांडलं. आमच्यातले शिकलेले लोक म्हणाले, छान कल्पना आहे, पण शास्त्रीय नाही. पत्रक तसंच छापलं गेलं. मी सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यात पण मोठे डॉक्टर आहेत म्हणायचे."

त्यानंतर वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. आणि निवृत्त होऊन फार दिवस झाले नाहीत तोच शिल्पाचा फोन आला. "मॅडम ॲडमिट आहेत. आपल्याच वॉर्डात. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पसरलाय."

भावांनी ठाण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात खोली बघून ठेवलेली, एसी, टीव्ही. सिस्टरनी नकार दिला. "मी माझ्या पोरींच्या हाताखाली राहीन." भाऊ वॉर्डाच्या दारात उभे राहून रडले, आत यायला त्यांना जागाच नव्हती.

मी गेले तेव्हा त्या खिडकीकडच्या बेडवर होत्या. रुंद खांदे कुठे गेले होते कोणास ठाऊक. पिवळ्या पडलेल्या. चेहरा मात्र तोच.

"आलीस? छापलंस का ते तोंड?"

"नाही अजून."

"मग माझा फोटो काढ नि छाप."

शिल्पा आता त्या पाळीची इन्चार्ज होती. ती येऊन विचारायची, "मॅडम, दुखतंय का?" उत्तर, "नाय." परत दोनदा विचारायची, शिकवलेलं होतं म्हणून. "नाय गं. जा, ती टिटवाळा बघ, सलाइन संपलंय तिचं." केसपेपरवर मॉर्फिन लिहिलेलं होतं. पुढे लिहिलेलं होतं, 'लागलं तर'. नवे डॉक्टर, जुनी सवय.

शिल्पा मला पार्टिशनपाशी घेऊन गेली. "ताई, त्या काही खात नाहीत, झोपत नाहीत. मला माहितेय दुखतंय. पण त्या नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्याला मी कसं देऊ? तुमचंच पत्रक आहे ना, पेशंट सांगेल तेवढंच मानायचं?"

पत्रकात हे नव्हतं.

तेव्हा मी बघितलं. त्यांच्या बेडची चादर पायाकडून गादीखाली खोचलेली होती, दोन्ही बाजूंनी, घट्ट, कोपरे काटकोनात. वॉर्डात पेशंट झोपलेला असताना कोणी इतकी घट्ट चादर खोचत नाही. नर्सिंगच्या परीक्षेसाठी रिकामी खाट करतात, तशी. ती त्यांनी आल्याबरोबर आयाकडून करून घेतलेली, आणि कोणी सोडवायला लागलं तर म्हणायच्या, थंडी वाजते. कल्याणचा मे महिना होता.

मी त्यांच्याजवळ बसले. मला मऊ बोलता येत नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं, "सिस्टर, हे काय चाललंय? औषध आहे, कुलपाची किल्ली आहे, देणारी उभी आहे. कोणासाठी सहन करताय?"

मग बोलल्या ते वॉर्डातल्या भाषेत नाही, गावच्या. "आंबिवलीला मी पाणी दिलेला. मना कशाला औषध?"

"तुम्ही तळमळून त्यांची पाठ दुखायची थांबणार आहे का? गेला तो माणूस! याने कोणाचं भलं होतंय?"

"तुना नाय कळायचा."

"नाही कळत. आणि शिल्पा काय शिकतेय यातून? की चांगली नर्स अशी मरते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं मला. मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

शिल्पा कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. ती बेडच्या पायथ्याशी गेली. एका हाताने लोखंडी दांडा धरला आणि म्हणाली, "कळवा, पाय बघू."

इतक्या वर्षांत सिस्टरना त्या वॉर्डात कोणी स्टेशनच्या नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. हसू असेल.

"पूर्व की पश्चिम?" त्यांनी विचारलं.

"ते डिस्चार्जला बघू," शिल्पा म्हणाली.

त्या नको म्हणाल्या नाहीत. शिल्पाने चादरीचा एक कोपरा सोडवला, मग दुसरा, आणि चादर घोट्यांपर्यंत वर घेतली. मी ते पाय विसरू शकत नाही. बोटं आत वळून तळव्यात रुतलेली, नखं पांढरी पडलेली, अंगठे असे दाबलेले की जणू खाली चिखल आहे आणि त्यात उभं राहायचं आहे. कितीतरी दिवस ते चादरीखाली तसेच असणार. आणि वर तो चेहरा, सरळ रेषेतला.

शिल्पा धावत गेली नाही. नीट चालत गेली, कुलूप उघडलं, सोबतच्या मुलीला दाखवून औषध भरलं आणि आली. सिस्टरनी दंड पुढे केला. सुई लागायच्या आधी मात्र त्यांनी शिल्पाचं मनगट धरलं.

"पोरी, पाणी नाय ना?"

शिल्पाने त्यांना विश्वासाबद्दल काही विचारलं नाही. ट्रेमधली फोडलेली काचेची कुपी उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. सिस्टरनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली, सावकाश, सबंध. मग मनगट सोडलं.

आम्ही दोघी पायांकडे बघत उभ्या होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आधी करंगळ्या सुटल्या. अंगठे सगळ्यात शेवटी. सिस्टर झोपल्या, तोंड जरा उघडं, मुठीत ती कुपी तशीच. शिल्पाने ती हळूच काढून घेतली, काच लागेल म्हणून.

मग सवयीने तिने चादर खाली ओढली, खोचण्यासाठी कोपरा हातात धरला, आणि थांबली. तिची पाळी संपत आलेली. पुढच्या ड्युटीची मुलगी नवीन होती. शिल्पाने चादर परत घोट्यांपर्यंत सरकवली आणि पाय उघडे ठेवले, येणाऱ्या मुलीला दारातूनच दिसावेत असे.

मी सिस्टरना पाहिलं ते शेवटचं तसंच. लांब वॉर्ड, पंख्याचा आवाज, आणि खिडकीकडच्या बेडवर चादरीबाहेर दोन मोकळे पाय.